कमायचा मोठ्या मंचावर: वाद्य बदलावे की मांडणी?

स्वरजुळणी

नमस्कार. लोकसंगीताच्या आधाराने नव्या रचना बांधणारा आमचा एक छोटा गट आहे. गिटार, बेस गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि गायन एवढी मंडळी आधीपासून होती. अलीकडे जैसलमेर जिल्ह्यातील मांगणियार या गायक-वादक समाजातील एक कमायचावादक (कमायचा म्हणजे तेथील गजाने वाजवायचे तंतुवाद्य) आमच्याबरोबर काम करू लागले आहेत. तालमीच्या खोलीत बाकीची वाद्ये गप्प असताना त्यांचा गज फिरू लागला, की प्रत्येक जण हातातले काम सोडून ऐकत बसतो. तोच कमायचा मंचावर गेला की प्रेक्षकांना दिसतो, पण ऐकू येत नाही. ध्वनियोजना सांभाळणाऱ्याने त्याचा आवाज वाढवला, तर लगेच स्पीकरमधून शिटी येते, आणि कमी केला, तर ड्रम्स व बेसच्या खाली तो पार दडपून जातो.

गटात यावर दोन सूचना आल्या आहेत. तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या) तारा काढून पोलादी तारा बसवाव्यात आणि घोडीखाली (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीखाली) पिकअप, म्हणजे थरथर टिपणारे यंत्र, लावावा, असे गिटारवादकाचे म्हणणे आहे. कीबोर्डवादकाच्या मते कमायच्याचे स्वर एकदाच नीट ध्वनिमुद्रित करून घ्यावेत आणि कार्यक्रमात ते कीबोर्डवरून वाजवावेत. दुसरी सूचना मला दुधाची तहान ताकावर भागवण्यासारखी वाटते, परंतु पहिलीला ठाम उत्तर माझ्याकडे नाही. वादकांना विचारले तर ते संकोचाने 'तुम्ही म्हणाल तसे' एवढेच म्हणतात.

आणखी एक अडचण आहे. आमच्या एका गाण्यात शेवटच्या कडव्याला सगळे गाणे एक स्वर वर चढते. तेथे कमायचा अचानक निस्तेज होतो, आणि गजाचा दाब वाढवूनही त्यात जीव येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खर्ज

आपण शेवटी जी अडचण सांगितली आहे, तिच्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिच्यातच आहे. कमायच्याला तातीच्या तीन मुख्य तारा असतात आणि त्यांच्या जोडीला पोलादी तरफा असतात. तरफांची संख्या वाद्यागणिक बदलते. गज मुख्य तारेवर फिरतो, आणि त्या स्वराशी जुळणारी तरफ आपोआप गुंजू लागते. आपल्याला तालमीच्या खोलीत जे ऐकून थांबावेसे वाटते, त्यात या गुंजनाचा वाटा फार मोठा आहे. तरफा गाण्याच्या स्वरांनुसार लावलेल्या असतात. गाणे एक स्वर वर नेले की षड्ज सरकतो, नव्या सप्तकातील काही स्वरांना जुळणारी तरफच उरत नाही, आणि वाद्य अर्धे मुके होते. गजाचा दाब वाढवून यावर काही उपयोग होणार नाही. त्या गाण्यातील चढ काढून टाकावा, नाहीतर त्या कडव्यापुरते कमायच्याने थांबावे.

आता पोलादी तारांविषयी. पोलादाची घनता तातीच्या सुमारे सहापट असते. तेवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच जाडीची पोलादी तार त्याच स्वरावर लावायची म्हटली, तर ताणही सहापट करावा लागेल. कमायच्याची घोडी बकऱ्याच्या कातडीवर टेकलेली असते, त्यामुळे एवढा भार त्या कातडीला पेलणार नाही. म्हणजे तार बरीच बारीक घ्यावी लागेल. बारीक पोलादी तारेत वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे उंच स्वर) लख्ख वाजतात आणि नाद चिरका होतो, तर तात स्वतःच वरचे उपस्वर गिळून टाकते, आणि त्यामुळे कमायच्याला तो घोगरा, रुंद, खर्जाकडे झुकणारा आवाज मिळतो. आपण तारा बदलल्या तर आवाज ऐकू येईल, पण तो कमायच्याचा नसेल. घोडीखालच्या पिकअपचेही थोडेफार असेच आहे. तो लाकडाची थरथर पकडतो, पण कातडीने हलवलेली हवा पकडत नाही, आणि गजाची खरखर मात्र दुप्पट करून देतो.

शिटी का येते, हेही समजून घ्यावे. ताणलेली कातडी हा एक मोठा पडदाच असतो, आणि समोरच्या मॉनिटरमधून (वादकांना त्यांचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधून) आलेल्या आवाजाने तो हलतो. ते हलणे माईक टिपतो, मॉनिटर पुन्हा मोठे करतो, आणि चक्र सुरू होते. म्हणून कमायचावादकाच्या पुढ्यात मॉनिटर ठेवूच नये किंवा अगदी हळू ठेवावा. एका दिशेचाच आवाज टिपणारा छोटा कंडेन्सर माईक घोडीपासून साधारण वीतभर अंतरावर, कातडीच्या मध्याकडे न रोखता कडेकडे थोडा तिरका धरावा, आणि ड्रम्स त्या माईकच्या पाठीमागे येतील अशी बैठक ठेवावी. शिटी ज्या पट्ट्यात येते, तो बहुधा २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास सापडतो. तेवढाच अरुंद पट्टा किंचित खाली करावा. पूर्ण वाद्याचा आवाज खाली ओढू नये.

कातडी आणि तात दोन्ही दमट हवेत ओलावा धरतात, त्यामुळे कोरड्या वाळवंटातून आलेल्या वाद्याचा सूर समुद्रकाठच्या शहरात उतरतो, आणि मंचावरच्या प्रखर दिव्यांखाली ते पुन्हा ताणले जाते. ध्वनिचाचणी दिवे बंद ठेवून केली आणि कार्यक्रमात दिवे लावले, तर पहिल्या दहा मिनिटांत सूर हलणारच. दिवे लावून, वाद्य मंचावर ठेवून, अर्ध्या तासाने तारा जुळवण्याची सवलत वादकांना मिळायला हवी. गिटारवाल्याला अर्ध्या मिनिटात सूर लावता येतो, म्हणून सगळ्यांनाच तेवढा वेळ पुरतो असे समजणारे आयोजक मी पुष्कळ पाहिले आहेत.

मरुवाटा

वरील तांत्रिक माहिती मोलाची आहे, परंतु माईक कितीही नीट लावला तरी कमायच्याला गाण्यात करण्यासारखे काम नसेल, तर तो तोंडी लावण्यापुरताच उरेल. म्हणून हे वाद्य मुळात कशासाठी घडले, ते सांगतो.

जैसलमेर आणि बाडमेर भागातील मांगणियार हे मुसलमान गायक-वादक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमान घराण्यांसाठी गात आले आहेत, आणि ती यजमान घराणी प्रामुख्याने हिंदू, त्यातही बरीचशी राजपूत आहेत. जन्म, लग्न, पाहुण्याचे स्वागत, यजमानाच्या पूर्वजांची 'शुभराज' म्हणून केली जाणारी स्तुती, हे सगळे त्यांच्या गायनातून होत असे. कमायचा त्या गळ्याच्या सोबतीला असतो. त्याच भागातील लंगा कलावंत सिंधी सारंगी वाजवतात, मांगणियारांचा मात्र कमायचा. रेषा अर्थात अगदी काटेकोर नाही, कारण २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले लाखा खान हे मांगणियार असूनही सिंधी सारंगीचे वादक आहेत. (जाता जाता: नारळाच्या कवटीचा भोपळा, बांबूची दांडी आणि गजाला घुंगरू असलेले वाद्य म्हणजे रावणहत्था. कार्यक्रमांच्या जाहिरातींत त्याचे चित्र छापून खाली 'कमायचा' लिहिलेले सर्रास आढळते.)

गायक ओळ म्हणतो, कमायचा किंचित मागून तीच ओळ आपल्या पद्धतीने म्हणतो, आणि गायक श्वास घेतो तेव्हा मधली जागा भरतो. जैसलमेरच्या किल्ल्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे वर्षानुवर्षे गाणारे दापू खान २०२१ मध्ये गेले. स्वतःच कमायचा वाजवत त्यांनी गायिलेल्या 'मूमल' या लोकगीताची ध्वनिचित्रमुद्रणे सहज उपलब्ध आहेत. त्यांत एक गोष्ट नीट पाहावी. शब्द संपतो, तरी गज थांबत नाही. त्याचे छोटे छोटे आघात ठेका धरून ठेवतात आणि पुढच्या ओळीचा पहिला स्वर गळ्याच्या आधी कमायच्यातून येऊन जातो. ढोलक नसला तरी लय कोठे सांडत नाही. हमीरा गावचे साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. त्यांचे वादन ऐकले तर गळ्याशिवायही हे वाद्य किती बोलू शकते, ते कळते. घेवर खान आणि दर्रा खान या त्यांच्या मुलांनी ते पुढे चालवले.

या वाद्याची पीछेहाट मोठ्या मंचापासून सुरू झालेली नाही. ती हार्मोनियमपासून सुरू झाली. हार्मोनियम हवेने उतरत नाही, शिकायला सोपे, आवाजाला मोठे, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा कोठेही सापडतो. कमायचा मात्र आंब्याच्या अथवा तत्सम लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरावा लागतो, तो घडवणारे हात थोडे आहेत, आणि चांगली तात मिळवणे हेच एक काम होऊन बसते. साहजिकच कित्येक घरांत कमायचा खुंटीवर गेला आणि पेटी पुढ्यात आली. शहरी सारंगीवरही हीच वेळ आली होती. आकाशवाणीवर १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला बंदी होती, तिची कारणे काहीही असोत, सारंगीला तेवढा काळ आडोसा मिळाला. कमायच्याला तसा आडोसा कोणी दिला नाही.

मग दुसऱ्या बाजूने जग त्याच्याकडे आले. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा येथे 'रूपायन' संस्था काढली. कोठारींनी या कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले आणि त्यांना देशाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत नेले. पुढे २००६ पासून रॉयस्टन एबल यांच्या 'द मांगणियार सिडक्शन'मध्ये छत्तीस लाल कप्प्यांत बसवलेले मांगणियार कलावंत जगभर ऐकले गेले, आणि २००७ पासून जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात दर शरद पौर्णिमेच्या सुमारास आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सव भरतो. एबल यांच्या प्रयोगाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तो अतिशय मोठा आणि भपकेदार असूनही त्यात आधी एकच कप्पा उजळतो, मग दुसरा, आणि आवाज एकेक करून साठत जातो. चाळीसेक कलावंत आहेत म्हणून सगळे पहिल्या मात्रेपासून वाजत नाहीत. आपल्या गाण्यात सगळे पहिल्या मात्रेपासून वाजत असतील, तर दोष तातीचा नाही.

नवी घोडी

मी थोडा वेगळा सूर लावतो. वाद्याला हातच लावू नये, ही भूमिका ऐकायला पवित्र वाटते, पण ज्या वाद्यांचे आज आपण कौतुक करतो, त्यांतील बहुतेक वाद्ये कोणीतरी धाडसाने बदललेली आहेत. काश्मीरचे संतूर सूफियाना कलामाच्या साथीला होते. पंडित शिवकुमार शर्मांनी ते लाकडी तिवईवरून मांडीवर घेतले, तारांची संख्या आणि मांडणी बदलली, आणि १९५५ मध्ये मुंबईच्या मैफलीत ते एकल वाद्य म्हणून पुढे आणले. तेव्हा नाके मुरडणारे कमी नव्हते.

मंगोलियाच्या मोरीन खूरचे उदाहरण तर या प्रश्नाला जवळजवळ तंतोतंत लागू पडते. घोड्याच्या मस्तकाचे कोरीव काम असलेल्या या दोन तारांच्या गजवाद्याचा दर्शनी भाग पूर्वी कातडीने मढवलेला असे आणि तारा घोड्याच्या केसांच्या असत. विसाव्या शतकात, विशेषतः १९६०च्या दशकात, सोव्हिएत वाद्यकारागिरांच्या साहाय्याने कातडीच्या जागी लाकडी फळी आली, तिला व्हायोलिनसारखी छिद्रे आली, पुढे नायलॉनच्या तारा आल्या, आणि सूरही ठरावीक करण्यात आला. त्यामुळे ते वाद्य मोठ्या वाद्यवृंदात बसू शकले. युनेस्कोने २००३ मध्ये मोरीन खूरच्या परंपरेचा गौरव केला, आणि २०१६ मध्ये उलानबातर येथे सुरू झालेला 'द हू' हा गट आज इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या गदारोळात तेच वाद्य घेऊन उभा असतो. कोणालाही ते मंगोलियाचे नाही असे वाटत नाही. मग कमायच्यानेच संग्रहालयातल्या काचेआड का बसावे? कातडी ठेवून तारा बदलता येत नसतील, तर लाकडी फळीचा कमायचा का करून पाहू नये? एखाद्या कारागिराला आणि एखाद्या तरुण वादकाला ते करून पाहावेसे वाटले, तर त्यांना 'परंपरा बुडाली' म्हणून झोडपण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

खर्ज

आपला मुद्दा रास्त आहे, पण दोन्ही उदाहरणांत एक बाब समान आहे, आणि ती येथे नाही. संतूर बदलले ते संतूर वाजवणाऱ्याने. मोरीन खूरच्या बदलामागे राज्यसंस्था होती हे खरे, तरी तो पुढे नेणारे, त्यासाठी हाताची नवी बैठक शोधणारे लोक ते वाद्यच वाजवत होते. येथे सूचना गिटारवादकाकडून आली आहे, आणि ज्याच्या मांडीवर ते वाद्य आहे, तो मनुष्य 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणतो आहे. याला मी संमती म्हणणार नाही. उद्या त्या वादकांनी स्वतः लाकडी फळीचा कमायचा करून आणला, तर माईक कोठे लावायचा हे सांगायला मी आनंदाने येईन.

तांत्रिक फरकही आहे. मोरीन खूरला तरफा नसतात. दोन तारांचे वाद्य ठरावीक सुरात बांधणे तुलनेने सोपे आहे. कमायच्याची मुख्य अडचण सुरांच्या मेळाची आहे, आणि तेथे कीबोर्डने माघार घ्यायला हवी. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे कीबोर्डच्या लगतच्या दोन स्वरांमधील अंतराचा शंभरावा भाग), तर तरफेला जुळणारा नैसर्गिक गंधार साधारण ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक एकट्या स्वरात जाणवणार नाही, पण कीबोर्डने गंधारासह संपूर्ण कॉर्ड लांब धरून ठेवली, तर कमायचावादक बेसूर वाजवत असल्याचा भास प्रेक्षकांना होतो, आणि बिचाऱ्याला त्याचे कारणही कळत नाही. पंचमाचा फरक मात्र दोनच सेंटचा आहे. म्हणून कमायचा वाजत असताना कीबोर्ड व गिटारने केवळ षड्ज-पंचम धरावेत, गंधार त्याच्यासाठी मोकळा सोडावा, आणि मागे सतत पसरलेला कीबोर्डचा मऊ पॅड (लांब धरून ठेवलेला पार्श्वनाद) पूर्ण बंद करावा. हा पॅड कमायच्याच्या नेमक्या जागेवर बसलेला असतो. गाण्याची पट्टीही कमायच्याच्या आणि गायकाच्या सोयीने ठरवावी. कीबोर्डला ट्रान्सपोज आणि सूक्ष्म सूर सरकवण्याची सोय असते, गिटारला कॅपो (पट्टी बदलणारा चिमटा) असतो. कातडीला यातले काहीच नसते.

स्वरजुळणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॅड बंद करून आणि बेस पहिल्या दोन कडव्यांत गप्प ठेवून काल तालीम घेतली. वादकांनी आपण होऊन पट्टी थोडी खाली घ्यायला सांगितले, आणि चढाचे कडवे आम्ही काढून टाकले आहे. ड्रम्सच्या वादकाला क्लिकच्या (ठरावीक लय देणाऱ्या यंत्राच्या) टिकटिकीशिवाय वाजवणे जड जात आहे, तरी तो प्रयत्न करतो आहे. आता ध्वनिमुद्रण करायचे आहे. गाणे पारंपरिक असल्यामुळे श्रेयनामावलीत 'पारंपरिक' असे लिहिणे पुरेसे आहे का, आणि ध्वनिमुद्रणाचा क्रम काय असावा?

मरुवाटा

क्रमाविषयी आधी. गायन आणि कमायचा एकाच खोलीत, एकमेकांकडे तोंड करून, एकत्र ध्वनिमुद्रित करावेत, आणि बाकीची वाद्ये त्यांच्यावर चढवावीत. या गायकीत लय हळूहळू पुढे सरकते, शेवटाकडे ती चढतेच. क्लिकवर आधी ड्रम्स भरले आणि नंतर कमायचा बसवायला घेतला, तर ते चढणे मारले जाईल आणि वादक यंत्राच्या मागे धावताना ऐकू येतील. तुमच्या ड्रम्सवादकाला ढोलक आणि खडतालाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायला द्या. लय कोठे श्वास घेते, हे त्याला तेथे समजेल.

'पारंपरिक' हा शब्द गाण्यापुरता ठीक आहे, वादनापुरता नाही. गाणे कोणाच्या मालकीचे नसले, तरी त्या दिवशी त्या खोलीत झालेले वादन त्या कलावंताचे आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यातही सादरकर्त्याचे हक्क वेगळे मानलेले आहेत, त्यांची मुदत ५० वर्षांची आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आर्थिक हक्कांबरोबर आपले नाव लावून घेण्याचा हक्कही स्पष्टपणे दिला आहे. मधल्या जागांत त्यांनी जे वाजवले, ते कोणत्याही गाण्यात लिहिलेले नव्हते. त्याला रचना म्हणूनच श्रेय द्यावे. 'राजस्थानी लोककलावंत' असे मोघम लिहू नये, पूर्ण नाव आणि गाव लिहावे.

करार त्यांना वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे हिंदीत, करावा आणि कुटुंबातील कोणाला दाखवण्यासाठी त्यांना तो घरी नेऊ द्यावा. ध्वनिमुद्रणातून कमायच्याचे सुटे स्वर काढून कीबोर्डसाठी नमुने बनवायचे नाहीत, आणि बनवायचेच झाले तर वेगळा मोबदला ठरवून व लेखी परवानगी घेऊन बनवायचे, हे कलम त्यात अवश्य घाला. तुमच्या कीबोर्डवादकाची सूचना आज बाजूला पडली असली, तरी ध्वनिमुद्रण हाती आल्यावर ती पुन्हा पुढे येईल.